सांडव्यातली केळी

पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. आधी लोकांनी त्याचं कौतुक केलं, कारण मागची काही वर्षं तलावात गुरांना डुंबायलाही पाणी उरत नव्हतं. मग पेरलेलं कुजायला लागलं, भिंतींना ओल चढली, सरपण नुसतं धुमसायला लागलं आणि कौतुक आटलं. आता सकाळी दार उघडलं की माणूस आधी आभाळाकडे बघायचा आणि मग तलावाकडे.

धाकटी त्या दिवशी तोंड धुऊन तशीच बांधावर गेली. घरात तिला धाकटी म्हणत, गावात सरपंच बाई. वाऱ्याने छत्री उलटी झाली तेव्हा तिने ती मिटून काखेत मारली आणि भिजत चालू लागली. बांधाच्या मध्यावर पाटकरी उभा होता. तलावाची मोरी उघडायची, मिटायची, पाटाला पाणी सोडायचं, हे त्याचं काम. खताच्या रिकाम्या पोत्याची खोळ करून त्याने डोक्यावर घेतली होती.

"खाली उतरा, बाई. वरून कळायचं नाही."

ती त्याच्या मागोमाग घसरत, गवताला धरत बांधाच्या पायथ्याशी उतरली. तिथली माती पायाखाली पिठासारखी दबत होती. एका जागी पाणी बुडबुडत वर येत होतं. पाटकऱ्याने ओंजळ भरून तिच्यासमोर धरली.

"काल नितळ होतं. बांध थोडाफार पाझरतोच, त्याचं भय नाही. आज रंग बघा."

पाणी चहासारखं दिसत होतं. तिने त्यात बोट घातलं, चोळलं. बोटाला गाळ लागला.

"आतून माती आणतंय?"

"आणतंय."

"मोरी?"

"पुरी उघडी आहे. पण वरून येतंय नदीएवढं, मोरीतून जातंय घागरीएवढं. पाणी उतरवायचं तर..." पाटकरी तेवढ्यावरच थांबला. बांधाच्या दुसऱ्या टोकाकडे त्याने नुसतं पाहिलं आणि मान फिरवली. सुगीत तो तिच्या थोरल्या दिरांकडे कामाला असे. पुढचं बोलणं त्याला परवडणारं नव्हतं.

त्या टोकाला सांडवा होता. तलाव काठोकाठ भरला की जादा पाणी तिथून निघायचं, गावाला वळसा घालून ओढ्याला मिळायचं. कोरड्या वर्षांत तिथून थेंब गेला नाही. तेव्हा थोरल्यांनी सांडव्याच्या तोंडाशी मातीचा भराव टाकला, पुढे दगडांची आडवी भिंत, ताल, रचली आणि आतल्या गाळाच्या जमिनीत केळी लावली. गाळ तो गाळच, केळी अशी आली की बघत राहावं. मागच्या वर्षी धाकटीने विषय काढला तेव्हा थोरले म्हणाले होते, "हे पीक निघू दे, मग उघड तुझा सांडवा." तिला ते रास्त वाटलं होतं. आता झाडाझाडाला घड लोंबत होते. पावसाने वाट बंद केली नसती तर व्यापाऱ्याची गाडी एव्हाना येऊनही गेली असती.

आणि बांधाच्या थेट खाली होती खालची आळी. बांधावरून थुंकलं तर छपरावर पडेल इतक्या जवळ आणि इतक्या खाली.

निवडणूक आली तेव्हा सरपंचपद बाईमाणसासाठी राखीव निघालं होतं. त्याआधी ते थोरल्यांकडे होतं. घरातून जायला नको म्हणून घरातली बाई उभी करणं आलं. थोरली जाऊ चार माणसांत तोंड उघडत नसे, म्हणून धाकटी. थोरल्यांचा बेत सरळ होता, हिने सह्या कराव्यात, कारभार आपण बघू. काही महिने तसंच चाललं. मग एकदा शाळेचं छप्पर गळतंय म्हणून बायका दारात आल्या, थोरले परगावी गेलेले, म्हणून हीच उठून शाळा बघायला गेली. छप्पर दुरुस्त झालं. तिला त्याची चटकच लागली. कुणाचा नळ, कुणाचा रस्ता, कुणाची अडलेली पेन्शन. जेवताना घास हातात तसाच राहायचा. नवरा म्हणायचा, "तुला गावाचं वेड लागलंय." ती म्हणायची, "लागलंय खरं." तिथूनच घरात कुरबुर सुरू झाली. बसवलेली बाई बसल्या जागी राहिना, हे थोरल्यांना खुपत होतं.

बांधावरून ती तडक पंचायतीच्या कचेरीत आली आणि पाटबंधाऱ्याच्या अभियंत्याला फोन लावला.

"गढूळ आहे? नक्की?" त्याने विचारलं.

"मी हात घालून बघितलंय, साहेब."

"मी येऊ शकत नाही, बाई. पूल पाण्याखाली आहे. मशीनही येणार नाही. आधी खालची माणसं हलवा. आणि जमेल तसं पाणी उतरवा. सांडवा चालू आहे ना?"

तिने खिडकीतून सांडव्याच्या दिशेला पाहिलं.

"बाई?"

"बंद आहे. तिथे बाग आहे."

"कुणाची?"

"आमच्याच घरची."

तो म्हणाला, "उघडा."

"बांध फुटेल का, साहेब?"

"इथून कसं सांगू? टिकेलही. पण पैज लावायची तर दुसऱ्याच्या घरावर लावू नका."

खालच्या आळीत ती शिपायाला घेऊन गेली. माणसं दारातच उभी होती. शाळेत चला म्हटल्यावर कुणी शेळीचं काय म्हणालं, कुणी धान्याचं. एक म्हातारी म्हणाली, "मागे एकदा असंच हलवलं होतं. माघारी आलो तर बांध जागेवर आणि माझ्या कोंबड्या गायब." दोघीतिघी हसल्या, पण हसतानाही त्यांची नजर बांधावर होती.

लोहार आपल्या भात्यावर जाड कापड बांधत होता. आळीतून निवडून आलेला पंच तोच. काम न थांबवता तो म्हणाला, "आम्ही जातो, बाई. माणसं उचलून शाळेत नेऊ. ऐरण कुठे नेऊ?"

"आधी जीव."

"जीव तर आहेच. पण आम्हाला हलवायच्या आधी ती केळी हलवा की. केळीला पाय नाहीत, खरं आहे. पण तुमच्या घरात फावडं तर असेल."

सगळी आळी तिच्याकडे बघत होती. तिचे कान तापले.

"दुपारपर्यंत कळ काढ," ती म्हणाली.

"मी काढतो," लोहार म्हणाला. "बांधाला विचारून या."

एका बिछान्याला खिळलेल्या म्हाताऱ्याला चौघांनी खाटेसकट उचललं, तेव्हा खाटेच्या एका पायाशी ती स्वतः होती. शाळेची पायरी चढताना तिच्या गुडघ्यात कळ आली, पण तिने खाट सोडली नाही.

घरी आली तेव्हा थोरले जेवायला बसले होते. नवरा त्यांच्या शेजारी. जाऊ वाढत होती. धाकटीच्या कपड्यांतून पाणी निथळून उंबऱ्याशी थारोळं झालं. जावेने कोरडा टॉवेल तिच्या अंगावर टाकला.

"भाऊजी, सांडवा आज उघडावा लागेल."

थोरल्यांनी घास नीट चावून गिळला. "कोण म्हणतं?"

"बांधातून माती यायला लागलीय. साहेबही म्हणाले."

"साहेब कुठे आहेत?"

"पुलापलीकडे."

"बरं आहे. पुलापलीकडून सांगायला काय जातं." त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला. "तो बांध मी जन्मलो त्याच्या आधीपासून उभा आहे. माणसं हलवलीस ना? झालं तुझं काम. घरं पडली तर मातीची आहेत, परत उभी राहतील. सरकार भरपाई देतं."

"केळीला नाही देत?"

"केळीला कोण देणार? जागा काय माझ्या नावावर आहे?"

हे त्यांच्या तोंडून सहज निघून गेलं. नवऱ्याने ताटात बोट फिरवत म्हटलं, "दादा, अर्धीच ताल काढली तर?"

"पाणी अर्ध्यातून जायला ते काय तुझ्यासारखं गरीब आहे?" थोरले म्हणाले. नवऱ्याने मान खाली घातली. वडील लवकर गेले होते, त्याला थोरल्यांनीच वाढवलं होतं. आजवर त्याने त्यांना उलट शब्द बोललेला नव्हता.

तेवढ्यात जाऊ बोलली. ती बोलते याचंच नवल. "माझ्या हातची आहेत ती झाडं," ती धाकटीकडे न बघता म्हणाली. "विहीर आटली तेव्हा कळशीने पाणी घातलंय. एवढं एक पीक निघू दे, धाकटे."

धाकटीने टॉवेल घडी करून खुंटीला लावला. "जाऊबाई, मला कळतंय," ती म्हणाली. ती मागच्या पडवीत गेली, कोपऱ्यातलं फावडं घेतलं आणि बाहेर पडली. मागून कुणी हाक मारली नाही.

सांडव्याकडे जाताना तिने वाटेतल्या घरांना आवाज दिला. माणसं आली. कुदळी, घमेली, पहारी घेऊन बरीच आली. पण तालीपाशी आल्यावर सगळी थबकली. त्यातल्या निम्म्याअधिक जणांची चूल थोरल्यांच्या शेतावरच्या कामावर पेटत होती. थोरल्यांच्या तालीचा पहिला दगड कोण काढणार? जो तो दुसऱ्याच्या हातातल्या कुदळीकडे बघत राहिला.

तिने कपडे आवरून कमरेला खोचले आणि वरचा दगड दोन्ही हातांनी ओढला. तो निघाला तो थेट पायावर यायचा, जरा बाजूला झाली म्हणून वाचली. दुसरा काढला. तिसरा हलेना. बोटांची साल निघाली. भरावाची माती भिजून चिकट झाली होती, फावडं घातलं की ओढून निघायचं नाही, निघालं की अर्धी माती त्यालाच चिकटलेली. ती धापा टाकत होती. पावसात घाम कळत नव्हता, पण डोळे चुरचुरत होते.

"वेडं झालंय बाईमाणूस," मागून कुणीतरी म्हणालं.

मग कुणीतरी तिच्या शेजारी उभं राहून हलत नसलेल्या दगडाखाली पहार घातली. तिने वर पाहिलं. नवरा होता. त्याने अंगाचा भार टाकला आणि दगड उलटला.

त्याला बघून दोघं पुढे सरकले. मग आणखी दोघं. कामाला जरा गती आली न आली तोच माणसं बाजूला झाली. थोरले येत होते. छत्री नाही, पायात काही नाही, मागे जाऊ. ते सरळ आले, जिथे खिंड पडत होती तिथे उरलेल्या तालीवर बसले आणि गुडघ्यांवर हात ठेवले.

"आता खणा," ते म्हणाले.

सगळ्या कुदळी थांबल्या.

"भाऊजी, उठा," धाकटी म्हणाली. "पाया पडते."

"पड. पण मी उठत नाही. तुला खुर्चीवर मी बसवलं. आता मला माझ्या तालीवर बसू दे."

"त्यांच्या घरांत पाणी शिरेल."

"शिरलं तर मी भरून देईन. शिरू तर दे."

पलीकडून पाटकऱ्याची आरोळी आली. शब्द वाऱ्यात फाटले, पण तो दोन्ही हातांनी काहीतरी दाखवत होता, मांडीएवढं. बांधाच्या पायथ्याशी आता नुसता पाझर राहिला नव्हता, धार लागली होती. लोहार खालून धावत वर आला. त्याने फक्त धाकटीकडे पाहिलं.

थोरलेही तिकडे बघत होते. त्यांचा चेहरा उतरला. पण ते उठले नाहीत. इतक्या माणसांसमोर बसलेला माणूस उठेल कसा, हे त्यांनाच कळत नसावं.

नवऱ्याने पहार खाली टाकली. तो भावासमोर गेला आणि म्हणाला, "दादा, ऊठ."

"तू मला सांगणार?"

नवऱ्याने वाकून त्यांच्या काखेत हात घातले आणि आजारी माणसाला बिछान्यावरून उचलावं तसं उचललं. थोरल्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. एकदा, मग पुन्हा. त्याने चेहरा वळवला नाही. थोरल्यांचे पाय मातीत ओढले जात होते, कपडे चिखलाने भरले, एक बाही फाटली. बागेच्या कडेला उंचवट्यावर त्याने भावाला टेकवलं आणि तो स्वतः त्यांच्या पुढ्यात उभा राहिला. थोरले पुन्हा तालीकडे गेले नाहीत. ते नुसते फाटक्या बाहीकडे बघत राहिले.

मग कुणी कुणाकडे बघितलं नाही. लोहाराने कुदळ घेतली, माणसं तुटून पडली. भराव खचला. पहिलं पाणी बिचकत आलं, घोट्याएवढं. त्याने कडेची माती चाटली, खिंड रुंद केली आणि मग तलावच आत शिरला. केळीची झाडं ती काय, आत सगळं पाणीच. ती घडांसकट आडवी व्हायला लागली, एकेक नाही, रांगच्या रांग. हिरवे घड लाल पाण्यात वर यायचे आणि दिसेनासे व्हायचे.

जाऊ कधी आत उतरली ते कुणी पाहिलं नाही. हातात विळा होता. कमरेएवढ्या पाण्यात तिने एक घड कापला, खांद्यावर घेतला, काठावर आणून टाकला आणि परत वळली. धाकटीने उडी टाकून तिचा दंड धरला. पाणी दोघींना ओढत होतं. "जाऊबाई, वाहून जाल." जावेने हिसका दिला. "हात लावू नकोस मला." तरी धाकटीने सोडलं नाही. लोहाराने वरून दोर टाकला, तेव्हा कुठे दोघी बाहेर आल्या. जाऊ त्या एका घडाशेजारी बसून राहिली.

दिवस कलताना पाटकऱ्याने पुन्हा ओंजळ भरून दाखवली. पाणी तलावात हातभर उतरलं होतं. ओंजळीतलं पाणी अजून गढूळ होतं, पण चहासारखं नव्हतं. त्यानंतर उतार पडत गेला आणि बांध उभा राहिला.

पूल उघडल्यावर अभियंता आला. बांधावरून चालला, खाली उतरला, काठी खुपसून बघितली. अर्धं गाव जमलं होतं. थोरले मागे उभे होते. त्यांनीच विचारलं, "साहेब, सांडवा फोडला नसता तर बांध फुटला असता का?"

अभियंता खोटं बोलणारा माणूस नव्हता. "फुटलाही असता," तो म्हणाला. "टिकलाही असता. आता कोण सांगणार?"

तेवढं पुरलं. टिकलाही असता, हे दोन शब्द थोरल्यांनी घरोघर नेले. खालच्या आळीतली माणसं आपापल्या घरी परतली होती. चुली कोरड्या होत्या, भिंती उभ्या होत्या, लोहाराचा भाता चालू होता. जे घर बुडालंच नाही ते बुडालं असतं, हे माणसाला मनापासून पटत नाही. केळी मात्र सगळ्यांना दिसत होती, चिखलात सडत पडलेली. त्यांचा आंबूस वास गावभर सुटला होता. बायका धाकटीला बघून नाकाला हात लावायच्या, वासाने की कशाने, कळत नसे.

घरात चूल वेगळी झाली. मधल्या दारात थोरल्यांनी फळी ठोकली. अंगण, न्हाणी आणि भांडी घासायचा दगड तेवढा सामाईक राहिला. जाऊ त्या दगडाशी यायची, आपली भांडी घासायची आणि जायची. धाकटी असेल तर उभी राहून वाट बघायची, पण बोलायची नाही. नवरा जेवायला बसला की मधल्या फळीकडे पाठ करून बसायचा. एकदा त्याने गालावरून हात फिरवत म्हटलं, "दादाच्या हातात अजून जोर आहे." ती हसली. मग तोही हसला आणि लगेच डोळे पुसून जेवायला लागला.

अविश्वासाचा ठराव आला तो थोरल्यांच्या जुन्या दोस्ताच्या नावाने. कारण लिहिलं होतं, सरपंचांनी मनमानी करून नुकसान केलं. सभेच्या दिवशी कचेरीत सगळे पंच जमले. थोरले दाराबाहेर बाकावर बसले होते.

"आधी सांडव्याचा विषय," धाकटी म्हणाली. "तो मोजून घ्यायचा, दगड रोवायचे आणि पुन्हा कुणाला तिथे लावणी करू द्यायची नाही. आमच्या घरालाही नाही. मग माझं काय करायचं ते करा."

पंचांनी एकमेकांकडे बघितलं. बाहेरून थोरल्यांचा खाकरल्याचा आवाज आला. पण बांध सगळ्यांच्याच डोक्यावर होता. एकाने हात वर केला, मग दुसऱ्याने, आणि सांडव्याचा ठराव कुणी विरोध न करता पास झाला.

मग तिचा ठराव आला. ती हात मोजत गेली. ठराव पास व्हायला एकच हात कमी पडला. राहिला होता लोहार. तो हातावरच्या भाजल्याच्या जुन्या डागावर अंगठा फिरवत होता. नांगर, विळे, गाडीच्या धावा, वर्षाचं निम्मं काम त्याला थोरल्यांकडून मिळत असे. त्याने तिच्याकडे न बघता हात वर केला. पुरा नाही, कानापर्यंत.

"नीट वर कर," धाकटी म्हणाली. "दिसायला पाहिजे."

त्याने नीट वर केला.

तिने सही केली, शिक्का आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि बाहेर आली. बाकावरून थोरले उठले. ती त्यांच्या पुढून निघून गेली. घरी येऊन तिने दार लावून घेतलं आणि नवरा शेतावरून येईपर्यंत भिंतीला टेकून बसली. रडू आलं नाही. रिकामं वाटत होतं, हातात काहीतरी धरायची सवय असावी आणि ते नसावं तसं.

काही दिवसांनी सकाळी ती दगडाशी भांडी घासत होती. जाऊ आपल्या ताटवाट्या घेऊन पलीकडे थांबलेली. अंगणाच्या फाटकाशी लोहार येऊन उभा राहिला. टोपी काढून हातात धरली होती.

"काय आहे?" धाकटीने मान वर न करता विचारलं.

"सांडव्याचा गाळ ओढ्याच्या तोंडाशी बसलाय, बाई. आमच्या गटाराचं पाणी पुढे जात नाही. उलटं फिरून शेवटच्या चार घरांत शिरतंय. पोरं आजारी पडली आहेत."

"नव्या सरपंचांकडे जा."

"गेलो होतो. ते म्हणाले, बघू."

"मग बघतील."

लोहार हलला नाही. धाकटीने पातेलं राखेने खसाखसा घासलं. "माझ्याकडे का आलास?" ती म्हणाली. "हात वर करताना मी डोळ्यांपुढेच होते ना?"

"होतात," तो म्हणाला. "म्हणून फाटकाच्या आत नाही आलो."

पातेलं केव्हाच लख्ख झालं होतं, तरी घासत राहिली. "पोरांना काय होतंय?" तिने विचारलं.

"जुलाब. एकाला तापही आहे."

तिचे हात थांबले. दगडावर अजून भांड्यांचा ढीग होता. ती त्या ढिगाकडे बघत राहिली. तेव्हा जाऊ पुढे आली, आपल्या ताटवाट्या तिच्या भांड्यांशेजारी ठेवल्या, तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि दगडाशी बसली.

"जा तू," जाऊ म्हणाली. "भांडी मी बघते."

धाकटीने ओले हात कपड्यांना पुसले आणि ती लोहाराच्या पुढे चालू लागली.